हंजी सरांना न दिसलेला तारा

मल्लिकार्जुन हंजी यांना आकाशातलं सगळं कळतं, असा गडहिंग्लजमध्ये सर्वसाधारण समज होता आणि तो पसरवण्यात सर्वांत मोठा वाटा खुद्द हंजी सरांचाच होता. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ते आकाशमित्र मंडळाचे अध्यक्ष झाले. झाले म्हणजे, दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. तेव्हापासून ग्रहण असो, धूमकेतू असो की कोणाच्या उसात येऊन पडलेला हवामानाचा फुगा असो, शेवटचा शब्द सरांचा. जगात त्यांना 'मल्लू' म्हणणारं एकच माणूस उरलं होतं. त्यांची थोरली बहीण महानंदा, जिला सगळं मंडळ अक्का म्हणायचं.

अक्का आजऱ्याच्या पुढे, आंबोलीच्या रस्त्यावरच्या एका वाडीत एकटी राहायची. गडहिंग्लजला तिची पॅथॉलॉजी लॅब होती आणि तिने उभा जन्म सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी मोजण्यात घालवला होता. हजार सारख्या पेशींतली एक वेगळी पेशी टिपायची, हे तिचं काम. नवरा गेल्यावर लॅब बंद करून ती वाडीतल्या घरी राहायला आली, सोबत आपली जुनी आठ इंची दुर्बीण घेऊन. आकाशाचं वेड मुळात तिचं. मल्लूला मृग नक्षत्र तिनेच बोट धरून दाखवलं होतं, पण ही हकिगत सरांच्या भाषणांत कधी येत नसे.

दर मे महिन्यात मंडळ एका संध्याकाळी अक्काच्या परसात जमायचं ते ओमेगासाठी. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा म्हणजे एक गोलाकार तारकागुच्छ. लाखो तारे एकमेकांच्या ओढीने जवळ आले आणि अब्जावधी वर्षं तसेच घोळक्याने राहिले. अंतर सतरा हजार प्रकाशवर्षं. नुसत्या डोळ्यांना तो एक पुसट ठिपका दिसतो, पण बऱ्या दुर्बिणीतून पाहिलं की तो ठिपका फुटतो आणि त्यात कणाकणाने तारे दिसू लागतात. आपल्याकडे तो दक्षिणेला फार वर चढत नाही, म्हणून तिकडची बाजू मोकळी लागते. अक्काच्या परसामागे नुसती भातखाचरं होती, डोंगर नाही की दिवा नाही.

त्या वर्षी मंडळातल्या झाडून सगळ्यांच्या दुर्बिणींना 'पूर्णाक्ष' लागलेला होता. तो आणायचा आग्रह सरांचाच, त्यांचा स्वतःचा तर दोनेक वर्षांपूर्वीच आला होता. जुन्या आयपीसमध्ये, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावतो त्या छोट्या नळीत, नुसती काचेची भिंगं असायची आणि ताऱ्याचा प्रकाश थेट डोळ्यात उतरायचा. पूर्णाक्षात तो डोळ्यात उतरतच नाही. तो एका संवेदकावर पडतो. त्यातला छोटा संगणक चार ठळक तारे ओळखून दुर्बीण कुठे रोखली आहे ते ठरवतो, आणि अवकाशातल्या मोठ्या दुर्बिणींनी तयार केलेल्या नकाशाशी समोरचं दृश्य ताडून पाहतो. नकाशात आहे पण धुरकट हवेत पुसट झालंय, ते तो उजळ करतो. समोर आहे पण नकाशात नाही, ते उपग्रह, विमान किंवा संवेदकावरचा डाग समजून पुसतो. मग हे साफसूफ केलेलं आकाश नखाएवढ्या पडद्यावर माणसाला दाखवतो. उपग्रहांच्या रांगांनी आकाशाची चाळण करून टाकल्यापासून अशा यंत्राची गरजच होती, हे कबूल करायला हवं. हेच तंत्र त्याआधी मोटारींच्या पुढच्या काचांत आलं होतं. धुक्यात रस्त्याच्या कडा, खड्डे आणि आडवी आलेली गुरं काचेवर रेखून दाखवणारं. त्यामुळे कोणाला त्यात वावगं काही वाटलं नाही.

अक्काला तेवढं वाटलं. "मला आकाश बघायचंय. दुसऱ्याने बघितलेलं ऐकायचं नाही," म्हणाली आणि आपली काचेची भिंगं घेऊन बसली.

जेवणाआधीची वेळ होती. फणसाची भाजी चुलीवर होती, मंडळी परसात आपापल्या दुर्बिणींशी वाकलेली होती. अक्काने बराच वेळ डोळा लावून ठेवला, मग हाक मारली.

"मल्लू, ओमेगा बघ जरा. काय ते मी सांगत नाही."

या 'सांगत नाही'ला मंडळात मान होता. तेज कमीजास्त होणारे तारे बघणाऱ्यांची ती जुनी रीत आहे. ताऱ्याचं तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून अंदाज करायचा, आणि दुसऱ्याने बघेपर्यंत आपला आकडा तोंडातून काढायचा नाही. एकदा आकडा ऐकला की माणसाला तोच दिसतो. ही रीत सरांना शिकवली तीही अक्कानेच.

सरांनी आपली दुर्बीण वळवली. पूर्णाक्षात ओमेगा झगमगत होता, ताऱ्यान् तारा वेगळा.

"नेहमीसारखाच. फक्कड."

"मधल्या गर्दीच्या जरा पूर्वेला काही नाही?"

"काही नाही."

"मला एक तारा दिसतोय रे तिथे. गुच्छातल्या बाकी सगळ्यांपेक्षा किंचित उजळ. इतकी वर्षं बघते, तिथे तो नव्हता कधी. माझ्या दुर्बिणीतून बघ की एकदा."

सर आले, वाकले. आत करडा अंधार होता आणि त्यात मधोमध, आरशावर कोणी श्वास सोडावा तसा, एक धुरकट डाग. तारे नव्हतेच. एकही नाही. सरांनी डोळा मिटून पुन्हा लावला. तोच डाग. पण मागे मंडळातली माणसं उभी होती, आणि अध्यक्षांनी फार वेळ गप्प राहणं बरं दिसत नाही.

"तुझ्या दुर्बिणीतला आरसा गेलाय, अक्का."

"दिवाळीत नवा मुलामा देऊन आणलाय."

"मग मी काय सांगू? या वयात सगळ्यांनाच तारे दिसतात!"

विनोद काही बरा नव्हता, पण अध्यक्षांचा होता, त्यामुळे सगळे हसले. मंडळाचा सचिव इरफान नदाफ तेवढा हसला नाही. "अक्का, मी बघू का?" म्हणून तो पुढे आला, पण तोवर आंबोलीकडून ढगांनी दक्षिण बाजू भरून टाकली होती. तारा ढगाआड गेला आणि सगळे जेवायला बसले. अक्काने घनसाळचा भात सगळ्यांना वाढला, सरांनाही वाढला, पण आग्रह केला नाही.

नवा तारा दिसला असं वाटलं, तर ते जगभरच्या निरीक्षकांच्या संघटनेला कळवतात. त्याला दुसऱ्या निरीक्षकाचा दुजोरा लागतो. अक्काने दुसऱ्या दिवशी रीतसर कळवलं आणि दुजोऱ्यासाठी मंडळाच्या अध्यक्षांचं नाव दिलं. संघटनेने विचारल्यावर सरांनी उत्तर धाडलं, "दुजोरा देता येत नाही. निरीक्षकाचं वय लक्षात घ्यावं." यातलं दुसरं वाक्य त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं.

संध्याकाळी पुण्याहून प्रज्वलचा फोन आला. प्रज्वल म्हणजे अक्काचा मुलगा. आईने वाडीत एकटं राहावं हे त्याला कधीच पसंत नव्हतं. शेवटी मायलेकांत एक तडजोड झाली होती, की डोळे आणि पाय शाबूत आहेत तोवर ती वाडीत, त्यानंतर पुण्याला. पायांची काही तक्रार नव्हती. स्कूटरवरून ती अजून आजऱ्याच्या बाजाराला जायची.

"मामा, मंडळातल्या कोणीतरी नेटवर टाकलंय, आईला नसलेला तारा दिसला म्हणून. खाली हसरे चेहरे. खरं काय आहे?"

इथे सरांना गप्प बसता आलं असतं. 'चालायचंच, थट्टा केली पोरांनी' एवढं म्हणून विषय संपला असता. पण कोणी प्रश्न विचारला की सरांना उत्तर द्यावंच लागतं.

"हे बघ प्रज्वल, वय झालं की डोळ्याच्या पडद्याचे काही भाग काम करेनासे होतात. तिथे रिकामी जागा पडते. मेंदूला रिकामी जागा खपत नाही. तो आठवणीतलं काहीतरी उचलतो आणि तिथे भरतो. मग माणसाला नसलेलं दिसतं. आणि गंमत म्हणजे, आपण खरंच बघतोय अशी त्याची पक्की खात्री असते. हा काही वेडेपणा नाही, शास्त्रात नोंदलेली गोष्ट आहे."

"पण ती दर वर्षी डोळे तपासून घेते की."

"तिथे डोळा तपासतात रे. हे मेंदूचं आहे."

"म्हणजे उद्या स्कूटरवर असताना तिला रस्ता मोकळा दिसला आणि तो नसला तर?"

"तसं मी म्हणत नाही," सर म्हणाले. पण नाही असंही म्हणाले नाहीत.

शास्त्र म्हणून त्यांनी सांगितलं ते सगळं बरोबर होतं. फक्त ते कोणाला लागू होतं, तेवढं चुकलं होतं.

दोन दिवसांनी अक्काचा फोन आला. ती भांडेल अशी सरांची अपेक्षा होती आणि त्यांनी त्याची तयारीही केली होती. ती भांडली नाही.

"प्रज्वल न्यायला येतोय शनिवारी. तू बोललास म्हणे त्याच्याशी."

"काळजीपोटी बोललो, अक्का."

"असू दे. काल परत बघितलं मी. दिसतोय अजून. पण म्हटलं, ज्या डोळ्यांबद्दल शंका आहे, त्याच डोळ्यांनी खात्री कशी करून घ्यायची? सकाळी बसथांब्यापाशी म्हैस उभी होती. जवळ गेले आणि हात लावून बघितला. खरी होती." ती हसली, पण ते हसणं काही ऐकवत नव्हतं. "मल्लू, तू नीट बघितलंस ना रे? माझ्या दुर्बिणीतून?"

"नीट बघितलं."

"मग झालं. जाते पुण्याला. दुर्बीण तू घेऊन जा, तिथे फ्लॅटात कुठे ठेवू?"

फोन ठेवल्यावर सरांनी चहा करून घेतला आणि तो तसाच निवून गेला. आपण बहिणीच्या भल्याचंच केलं असं त्यांनी स्वतःला समजावलं. दोनदा समजावावं लागलं.

गुरुवारी दुपारी इरफान घरीच आला. पायरीवरूनच त्याने फोन पुढे केला. बोट्स्वानातल्या एका शिक्षिकेने ओमेगामध्ये नवा तारा शोधला होता. खरं तर तो जुनाच तारा. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून ओढून असा एखादा विझत आलेला तारा वरच्या थरात पेट घेतो, काही दिवस हजारो पटींनी उजळतो आणि मग पुन्हा मंदावतो. गोलाकार गुच्छात असं घडणं फार विरळा. बाईंची दुर्बीण साधी, भिंगं काचेची. शाळेला पूर्णाक्ष परवडला नव्हता एवढंच.

"मग मोठमोठ्या वेधशाळा काय करत होत्या?" सरांनी विचारलं. आवाज चढवायचं कारण नव्हतं, पण चढला.

"गुच्छाच्या मध्यावर इतकी दाटी असते की त्यांची यंत्रं तो भाग वगळतातच, सर. आणि घराघरांतल्या दुर्बिणींना सगळीकडे पूर्णाक्ष. नकाशात नाही म्हणून प्रत्येकाने पुसला. कंपनीने जाहीर केलंय, सुधारणा पाठवतो म्हणून." इरफान पायरीवर चपलेचा अंगठा घासत राहिला. "अक्कांना त्या बाईंच्या आधी दिसला होता, सर."

सरांनी फोन त्याच्या हातात परत दिला. तो घेऊन इरफान निघून गेला.

आता लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर सरांना आधी सुटल्यासारखं झालं. चूक यंत्राची! कंपनीने तसं कबूलच केलं होतं. जगभरच्या शहाण्यासुरत्या माणसांना जे दिसलं नाही, ते गडहिंग्लजच्या हंजींना दिसलं नाही, यात हंजींचा काय दोष? शनिवारी सकाळपर्यंत त्यांचं भाषण तयार झालं होतं. त्यात अक्काचं कौतुक होतं, यंत्रांवर अति विसंबण्याचे धोके होते आणि माफीचं वाक्य शेवटी, पण होतं. गाडी काढून ते वाडीकडे निघाले. काचेवर रस्त्याच्या पिवळ्या कडा, वळणं आणि रस्त्याकडेची झाडं सुबक रेखलेली होती. रस्त्यात कुठे अडचण आली नाही.

घरात आवराआवर चालली होती. प्रज्वल जुन्या साड्यांत पातेली गुंडाळत होता आणि अक्का डबे रिकामे करत होती. सरांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भाषण अर्ध्यावर राहिलं, कारण अक्का मटकन खाली बसली.

"म्हणजे तो आहे?"

"आहे. साऱ्या जगाने मान्य केलाय."

"म्हणजे माझे डोळे चांगले आहेत."

"उत्तम आहेत. नाव मात्र त्या बाईंचं लागलं. ते आता..."

"नाव जाऊ दे रे." तिने पदराने तोंड पुसलं आणि तो तसाच तोंडावर धरून ठेवला. प्रज्वल पातेलं बाजूला ठेवून तिच्यापाशी गेला. थोड्या वेळाने त्याने मामांकडे मान वळवली.

"मामा, मेंदू रिकाम्या जागा आठवणीतून भरतो, आणि माणसाची पक्की खात्री असते, असं म्हणाला होतात ना तुम्ही? ते तर तुमच्या आयपीसचं वर्णन झालं."

"तेच म्हणतोय मी. यंत्राची चूक."

प्रज्वल पातेल्यांवरच्या साड्या सोडू लागला. एकेक भांडं पुन्हा फळीवर गेलं. आईने कुठे राहायचं हे आता कोणी बोलत नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती.

अंधार पडल्यावर अक्काने स्वतःच दुर्बीण परसात आणली. पश्चिमेला चंद्रकोर होती, पण दक्षिण स्वच्छ होती. तिने ओमेगा लावला, बघितलं आणि एक मोठा श्वास सोडला. "आहे. उतरलाय जरासा." मग प्रज्वलला बोलावलं. शाळा सुटल्यापासून त्याने दुर्बिणीला डोळा लावला नव्हता.

"अरे बाप रे! रवा सांडल्यासारखं दिसतंय. किती आहेत!"

"जास्तीचा उजळ कुठला, सांग."

"हा की, मधल्या ढिगाच्या उजवीकडे. एकटाच मोठा आहे."

"दुर्बिणीत बाजू उलट्या होतात. तीच पूर्व. आता मल्लू, तू बघ."

सर वाकले. करडा अंधार आणि धुरकट डाग. त्यांनी डोळा चोळला आणि पुन्हा बघितलं. मग जुनी युक्ती करून पाहिली. डोळ्याच्या पडद्यावर अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी मध्यावर नसतात, कडेला असतात. म्हणून पुसट तारा बघायचा तर त्याच्याकडे थेट बघायचं नाही, नजर किंचित बाजूला न्यायची, की तो लख्ख वर येतो. सरांनी नजर बाजूला नेली. होता तो डागही नाहीसा झाला. दुसऱ्या बाजूला नेली. नुसता अंधार.

आरसा चांगला होता. आत्ताच प्रज्वलने त्यात रवा पाहिला होता. पूर्णाक्षही नव्हता मध्ये. ताऱ्याच्या आणि सरांच्या मध्ये आता सरांच्या डोळ्यांशिवाय काहीच नव्हतं. गेली दोनेक वर्षं आपण आकाश म्हणून जे बघितलं, तो नुसता नकाशा होता, हे त्यांना तिथे वाकल्या वाकल्या कळलं.

"दिसला?" अक्काने विचारलं.

"दिसला," सर म्हणाले.

हे त्यांनी का म्हटलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. जीभ सवयीने वळली.

"मग कितीवर उतरलाय ते सांग. शेजारच्या दोघांशी ताडून. माझा आकडा मी सांगत नाही."

एखादा आकडा ठोकून देणं काही अवघड नव्हतं. साडेअकरा म्हटलं असतं तरी खपलं असतं. अक्काने विश्वास ठेवला असता. तिने मागेही ठेवलाच होता. आणि नेमकी तीच गोष्ट सरांना सोसवेना. दुर्बिणीच्या नळीला धरून ते सरळ झाले.

"अक्का, मला नाही दिसत."

"नवा तारा?"

"काहीच. एकही तारा दिसत नाही."

अक्का जवळ आली आणि तिने त्यांच्या चेहऱ्याच्या कडेला, कानाच्या जरा पुढे, दोन बोटं हलवली. "ही दिसतात?" सरांनी मान हलवली, नाही. तिने बोटं पुढे पुढे आणली. पार नाकासमोर आल्यावर ती त्यांना दिसली.

"काचबिंदू असणार," ती हळूच म्हणाली. "अप्पांना होता तसा. कडेकडेने खात येतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. तू कधी तपासलंच नाहीस?"

सरांनी तपासलं नव्हतं. अप्पांची, म्हणजे वडिलांची, शेवटची वर्षं त्यांना आठवत होती. ओसरीवर बसून आल्या-गेल्याला 'कोण ते?' विचारणारे अप्पा. म्हणूनच तपासलं नव्हतं.

"आणि गाडी चालवत आलास?"

"काचेवर दिसतं सगळं."

"देवा रे." तिने त्यांना दगडी पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मग तिने विचारलं. आवाज साधाच होता, लॅबमध्ये रुग्णाला विचारताना असायचा तसा.

"त्या दिवशी माझ्या दुर्बिणीतून काय दिसलं होतं तुला?"

"धुकं."

"आजच्यासारखंच?"

"हो."

"मग 'मला दिसत नाही' एवढंच म्हणायचं होतंस. 'आरसा गेलाय' का म्हणालास?"

यंत्राचं भाषण आता उपयोगाचं नव्हतं. ज्या वेळी सर तिच्या दुर्बिणीवर वाकले होते त्या वेळी मध्ये कुठलंच यंत्र नव्हतं. पुन्हा डोळा लावूनही डागच दिसला होता, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं.

"लाज वाटली," ते म्हणाले. "सगळे मागे उभे होते."

"मी आठवडाभर म्हशींना हात लावत फिरले, मल्लू."

सरांना ओरडा चालला असता. ती ओरडली नाही. त्यांना वाटलं उठून कुठेतरी जावं, पण गाडी चालवायची आता सोय उरली नव्हती आणि अंधारात पायवाट दिसली नसती. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, तर भाषणातलंच वाक्य ओठावर आलं, आणि ते त्यांनी तसंच गिळलं.

प्रज्वल फोन घेऊन मागच्या दाराआड गेला होता. त्याचा आवाज दबका होता तरी परसात ऐकू येत होता. "हॅलो, रश्मी? प्रज्वल बोलतोय. मामांचं जरा... नाही, घाबरू नकोस, पण त्यांना आता एकट्याने राहू देणं..." रश्मी म्हणजे सरांची मुलगी, बेळगावला असते.

"प्रज्वल," अक्काने हाक मारली. "फोन बंद कर आणि इकडे ये."

तो बाहेर आला.

"त्याच्या डोळ्यांचं काय बोलायचं ते त्याच्यासमोर बोलायचं. दाराआड नाही. आणि त्याला विचारल्याशिवाय कोणाला कळवायचं नाही, रश्मीलासुद्धा नाही. समजलं?" मग ती भावाकडे वळली. "मल्लू, तू सांग. कळवायचं का तिला? तू म्हणशील तसं."

सरांची मान खाली गेली. एवढंसं विचारायचं असतं. या आठवड्यात ते अक्काला कोणीही विचारलं नव्हतं, आणि सगळ्यांत आधी ज्याने विचारायचं तो तिच्या शेजारीच बसला होता.

"कळव," ते शेवटी म्हणाले. "मंडळाला मी सांगतो. सगळ्यांना एकदम बोलावून सांगतो."

प्रज्वल त्यांच्यासमोर मातीतच मांडी घालून बसला आणि त्यांना ऐकू येईल असा फोन लावला.